वरणातले थेंब

तुरीच्या घट्ट वरणात थेंबांचं औषध मिसळलं तर ते कळत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. हे मी आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी आयांना, बायकांना, भावांना सांगितलेलं आहे. कधी सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, कधी त्यांच्याच घराच्या मागल्या दाराशी, हळू आवाजात. सांगताना मला चोरी केल्यासारखं कधी वाटलं नाही. एखाद्या सुगरणीनं आपली युक्ती शेजारणीला द्यावी, तसा मी खुशीत असायचो.

या अंकासाठी कामाबद्दल लिहायला बसलो तेव्हा पहिलं डोळ्यांपुढे आलं ते हे वरण. आणि त्याच्या मागोमाग आले दारव्ह्याचे डॉ. आसेगावकर. ते मला चारचौघांत 'या, वरणवाले!' अशी हाक मारायचे.

आधी आमचं काम काय ते सांगतो. मी मानसिक आरोग्याच्या फिरत्या पथकात सामाजिक कार्यकर्ता आहे. एक मनोविकारतज्ज्ञ, एक सिस्टर, मी आणि गाडीचा ड्रायव्हर. आज दारव्हा, उद्या आर्णी, परवा आणखी कुठे. तालुक्याच्या दवाखान्यात एका कोपऱ्यात टेबल लागतं आणि लोक काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून येतात. कापसाची वेचणी सुरू झाली की व्हरांडा ओस पडतो. कितीही आजारी असला तरी त्या दिवसांत माणूस शेतात असतो. तपासणं डॉक्टरांकडे, गोळ्या मोजून देणं सिस्टरकडे. रुग्ण गोळी घेत नसेल तर त्याला ती घ्यायला लावणं, हे माझं खातं.

लोकांना वाटतं, अंगावर धावून येणारा रुग्ण सगळ्यात अवघड. तसं नाही. सगळ्यात अवघड असतो तो शांतपणे 'मला काही झालेलं नाही' म्हणणारा. त्याच्यापुढे डॉक्टरांचं ज्ञान थांबतं, सिस्टरची माया थांबते. मग घरचे माझ्याकडे बघतात आणि माझं वरण सुरू होतं.

आसेगावकरांशी माझी ओळख भांडणातून झाली. आमचे काही जुने रुग्ण दारव्ह्याच्या टेबलावर येईनासे झाले होते. चौकशी केली तर एक जण म्हणाला, "त्या उलट्या डाक्टरकडे जातो आता. थो गोळ्या देत नाही, काढते."

मी तावातावानं त्यांच्याकडे गेलो. बाजाराच्या मागे एक खोली, बाहेर कडुनिंब, दारावर नुसतं नाव. डिग्री नाही, वेळ नाही. आत एक गृहस्थ तरुण मुलीला घेऊन बसले होते. मुलगी मान खाली घालून. मला हातानंच बसायची खूण करून डॉक्टरांनी विचारलं,

"तक्रार कोणाची?"

"हिची," वडील म्हणाले. "लग्नाले नाही म्हणते. चांगली स्थळं आली, हिनं डोकं फिरवल्यासारखं केलं. जेवत नाही, बोलत नाही."

डॉक्टर मुलीकडे वळले. "बाई, तुही काही तक्रार आहे का?"

"नाही."

"झोप?"

"येते."

"मग तक्रार कोणाची झाली?"

वडील गोंधळले. "आता... माझीच म्हणा ना."

"मग नीट समोर बसा. तुम्हाले हा त्रास कधीपासून आहे?"

मुलगी हसली. वडील रागानं उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. मग मुलीला कडुनिंबाखाली पाठवून डॉक्टर त्या माणसाशी बराच वेळ बोलत राहिले. त्याची बायको वारली होती. मुलगी उजवली की आपण सुटलो, एवढं एकच त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं. शेवटी तो रडला. भांडायला आलेला मी तसाच बसून होतो.

ते गेल्यावर मी म्हणालो, "हे ठीक आहे सर, पण खरोखरचे आजारी लोक असतात."

"असतात की," ते म्हणाले. "दुःखी असतात, घाबरलेले असतात, भलतंसलतं ऐकू येणारे असतात. मी कुठं नाही म्हणतो? पण तुम्ही तक्रार दुसऱ्याकडून घेता आन् गोळी याले देता. न्हाव्यानं बापाले विचारून पोराची हजामत केली, तसं."

त्या दिवशी भांडायचं राहून गेलं. नंतर मात्र वर्षानुवर्षं भांडलो. दारव्ह्याच्या कॅम्पचं टेबल आवरलं की मी त्यांच्याकडे चहाला जायचो. त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणतो. चहा ठेवता ठेवता त्या विचारायच्या, "आज कोण जिंकलं?"

त्यांचं आयुष्य मला असं तुकड्यातुकड्यांत कळलं. दारव्ह्याचाच मुलगा, मोठ्या शहरात शिकून मनोविकारतज्ज्ञ झालेला. तिथल्याच एका मोठ्या मनोरुग्णालयात बायकांच्या वॉर्डात नेमणूक झाली. वॉर्डात एक बाई होती. नवऱ्यानं आणून सोडलेली, पुन्हा कधी न नेलेली. ती रडायची तेव्हा तरुण आसेगावकरांनी लिहिलं, आजारामुळे रडते. रडायची थांबली तेव्हा लिहिलं, भावना बोथट झाल्या. घरी जाऊ द्या म्हणाली तेव्हा लिहिलं, आजाराची जाणीव नाही. एके दिवशी तिनंच त्यांना विचारलं, "साहेब, मी काय केलं म्हणजे तुम्ही मला शहाणी म्हणाल? ते सांगा, मी तेवढंच करते."

त्यांनी तोच प्रश्न वरिष्ठांच्या बैठकीत मांडला. चहा आला, विषय बदलला. आणखी काही महिने नोकरी करून ते गावी परत आले. काकू सांगायच्या, "लोकांले वाटलं, याईलेच काहीतरी झालं. मायी सासू तर कोणाले तरी दाखवाले नेणार होती."

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. मनाचा आजार हा काविळीसारखा रक्तात सापडत नाही. तो ठरवतात ती माणसं, आणि ठरवणाऱ्यांचा त्यात बहुतेक वेळा काहीतरी मतलब असतो. कुणाला शेतीतला वाटा द्यायचा नसतो, कुणाला सून परत पाठवायची असते, कुणाला नुसती शांतता हवी असते. म्हणून कुणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध कोंडू नये, त्याच्या इच्छेविरुद्ध औषध देऊ नये. कुणी वेडा आहे असा कागद त्यांनी कधी लिहून दिला नाही, मागायला पुढारी आला तरी. गोळी मागितली तर मात्र द्यायचे. "मी गोळीच्या विरोधात नाही," म्हणायचे, "चोरीच्या विरोधात आहे."

आमच्या रजिस्टरात जो यायचा थांबतो त्याला आम्ही 'सुटलेला रुग्ण' म्हणतो. ते म्हणायचे, "वानखडे, तुमच्या तावडीतून सुटला, असंही असू शकते ना?"

मला ते हट्टी वाटायचे आणि आवडायचेही. आज कायदाही रुग्णाची संमती मागतो, आमची प्रशिक्षणं होतात, भिंतीवर फलक लागले आहेत. त्या वेळी असं बोलणारा पंचक्रोशीत तो एकटा माणूस होता.

आणि मग बळीराम.

दारव्ह्यापासून थोड्या अंतरावरच्या एका बंजारा तांड्यावरची शेवंताबाई राठोड आमच्या टेबलावर आली होती. नवरा नव्हता. मुलगा बळीराम तिशीच्या आतला, कामाला वाघ. पण त्या वर्षी पेरणीनंतर त्याची झोप उडाली. कुणीतरी बोलतंय म्हणून तो शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभा राहून उत्तरं द्यायचा. रस्त्यावर चालत सुटायचा. एकदा त्यानं घरातली सगळी भांडी विहिरीत टाकली. त्यांच्यातून आवाज येत होते म्हणाला. दवाखान्याचं नाव काढलं की पळून जायचा.

"भाऊ, माहा पोरगा मले परत पाहिजे," शेवंताबाई म्हणाली. "कसाबी द्या, पण द्या."

मी तिला वरणाची युक्ती सांगितली. डॉक्टरांनी बाटली दिली. महिनाभरात बळीराम झोपू लागला, आवाज कमी झाले, तो शेतात डवरणीला, कोळपणीला गेला. शेवंताबाईनं मला तांड्यावर बोलावून जेवू घातलं. बळीरामनं स्वतःच्या हातानं माझ्या ताटात भाकर वाढली. मी कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं. 'याडीच्या', म्हणजे आईच्या, 'ओळखीचे साहेब', एवढंच.

ही गोष्ट मी आसेगावकरांना मिरवत सांगितली. आता यांच्याकडे उत्तर नसणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी कप खाली ठेवला.

"त्याले माहीत आहे?"

"नाही."

"मग बरा कोण झाला?"

"बळीराम झाला, सर! शेतात जातो, हसतो, बोलतो."

"त्याले वाटते तो आपोआप बरा झाला. उद्या बाटली संपली, बिघडला, तर त्याले वाटन आपोआपच बिघडलो. स्वतःचं बरं होणंबी त्याच्या हाती नाही ठेवलं तुम्ही. आन् ज्या दिवशी कळन, त्या दिवशी तो औषधाले नाही घाबरणार, वानखडे. मायच्या हाताले घाबरन."

मी म्हणालो, "तुम्हाला फक्त बोलायला काय जातं!" आणि चहा अर्धा टाकून निघालो.

दिवाळीला बळीरामची बहीण लहान मुलीला घेऊन माहेरी आली. पोरगी मामाची लाडकी. तांड्यावर काय आणि आमच्याकडे काय, लहान लेकरू मोठ्याच्याच ताटात जेवतं; त्याला वेगळं ताट मांडणं उलट परकेपणाचं वाटतं. मी शेवंताबाईला सगळं सांगितलं होतं. बाटली कुठे ठेवायची, किती थेंब, कोणत्या वाटीत. हे मात्र माझ्या मनात आलं नव्हतं. घरोघरी जेवणारा माणूस मी, माझ्या स्वतःच्या ताटात पुतणे जेवून मोठे झाले, तरी आलं नाही. शेवंताबाई चुलीपाशी पाठमोरी होती. पोरीनं मामाच्या वाटीतलं वरण भातावर ओतून घेतलं आणि आवडलं म्हणून सगळं संपवलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

संध्याकाळी पोरीची मान एका बाजूला वळली ती सरळ होईना. डोळे वर चढले, जीभ आत जाईना. लेकराच्या अंगात काही शिरलं म्हणून तांड्यावर आरडाओरडा झाला. बळीरामनं तिला उचललं आणि रस्त्यावर पळत जाऊन जीप थांबवली. नशिबानं दारव्ह्याच्या दवाखान्यात ड्यूटीवरच्या डॉक्टरनं ओळखलं. म्हणाले, "असं डोक्याच्या औषधानं होतं. घरात कोणी घेतं का?" इंजेक्शन दिल्यावर थोड्या वेळानं मान सरळ झाली. पोरगी बरी झाली, पूर्ण बरी. तिचं आता लग्नही झालंय.

बळीराम तिथेच उभा होता. "आमच्या घरी कोनी नाही घेत," तो म्हणाला. आणि शेवंताबाई रडायला लागली.

मी गेलो तेव्हा तो तांड्याच्या टोकाला बाजेवर बसला होता. शेवंताबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "घरचं पाणीबी पीत नाही, भाऊ. केळं खाते. अंडं सोतः उकडते. शेंगा खाते. ज्याले साल असन तेच खाते." मग माझा हात धरून म्हणाली, "मी त्याले दूध पाजलं होतं ना. तेबी आता त्याले तसंच वाटत असन का?"

मी सरळ आसेगावकरांकडे गेलो. 'मी म्हटलं होतं' असं ते म्हणतील म्हणून तयारीत होतो. ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "त्याच्याशी तुम्ही बोलले?"

"काय बोलू?"

"हेच, की मी सांगितलं होतं टाकाले. तुह्या मायनं नाही. मग तिथंच जेवाले बसा. मायच्या हातचं, एका ताटात, तुम्ही आन् ती. त्याले ये म्हणू नका. औषधाचं नाव काढू नका. नुसते जेवा."

"किती दिवस?"

"हे त्याले ठरवू द्या ना. सगळं तुम्हीच कायले ठरवता?"

मी गेलो. बळीरामपुढे उभा राहून सांगितलं. तो म्हणाला, "तुमाले भाकर म्या वाढली होती ना?" मी हो म्हणालो. तो उठून शेताकडे गेला.

त्यानंतर दारव्ह्याच्या प्रत्येक कॅम्पनंतर मी तांड्यावर जाऊन शेवंताबाईच्या ताटात जेवलो. ती आधी घास घ्यायची, मग मी. तांड्यावरचे लोक हसायचे. बळीराम लांब बाजेवर शेंगा फोडत बसायचा. त्याचे आवाज परत आले होते, झोप पुन्हा गेली होती, आणि मला दर वेळी वाटायचं की हा खुळेपणा थांबवून त्याला धरून न्यावं. थंडी संपली, मोह फुलला. एका दुपारी आम्ही जेवत असताना तो येऊन उकिडवा बसला. त्यानं माझ्या हातातली अर्धी भाकर घेतली, हुंगली, मोडली आणि खाल्ली. शेवंताबाईनं मान वर केली नाही. केली असती तर तो उठला असता, हे तिला कळत होतं.

पुढे तो स्वतः आसेगावकरांकडे गेला. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. काही काळ त्यानं गोळी घेतली, स्वतःच्या हातानं. मग सोडली. दोनदा बिघडला, पुन्हा घेतली. आज शेळ्या पाळतो, शेती करतो, अधूनमधून एकटा बोलतो. शेवंताबाई गेली, तेव्हा तिच्या शेवटच्या दिवसांत त्यानंच तिला भरवलं. पण वरण तो आजही खात नाही.

इथवर वाचून आसेगावकर कायम बरोबरच होते असं वाटेल. तसं नव्हतं, आणि ते लपवणं त्यांना आवडलं नसतं. आर्णीचे एक शिक्षक होते. आपल्या मागावर कुणीतरी आहे असं त्यांना वाटायचं. त्यांची पत्नी हात जोडून डॉक्टरांना म्हणाली, यांना काहीही करून औषध द्या. शिक्षक म्हणाले, नको. डॉक्टरांनी ते नको मानलं. रोज बोलायचं कबूल केलं. काही दिवस शिक्षक आले. एके सकाळी ते शाळेला म्हणून निघाले आणि शाळेत पोचलेच नाहीत. आजतागायत ते सापडले नाहीत. त्यांची पत्नी कधीतरी येऊन त्या कडुनिंबाखाली नुसती बसायची. डॉक्टर बाहेर जाऊन तिच्याशेजारी बसायचे. एकदा मी रागानं म्हणालो, "सर, माझे थेंब असते तर तो माणूस घरी असता." ते म्हणाले, "असता. माझ्या तत्त्वाची किंमत त्या बाईनं दिली, मी नाही. हे मले माहीत आहे." तत्त्व मात्र सोडलं नाही. मला त्या वेळी त्यांची दया आली होती की राग, हे अजून ठरलेलं नाही.

आता या दोन वर्षांतली गोष्ट.

डॉक्टर थकले. आधी नावं विसरू लागले, मग रस्ते. दिवसभर बरे असतात. संध्याकाळ झाली की त्यांना दवाखान्यात जायचं असतं. तो दवाखाना बंद होऊन बराच काळ झाला, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. ते शर्ट घालतात, चपला शोधतात आणि निघतात. एकदा बसस्टँडवर यवतमाळच्या गाडीत बसलेले सापडले. एकदा हमरस्त्याच्या मधोमध उभे होते, दोन्ही बाजूंना ट्रक. काकूंचे गुडघे गेलेले, त्यांना मागे पळता येत नाही. मुलगा पुण्याला, तो फोनवरून म्हणतो, गेटला कुलूप लावा.

काकूंनी लावलं. त्या संध्याकाळी मी गेलो होतो तेव्हा डॉक्टर गेटचे गज धरून हलवत होते. "मले कोंडलं काहून? कोणाच्या सहीनं कोंडलं?" असं मोठ्यानं विचारत होते. शेजारची माणसं खिडकीत आली होती.

काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्याला टेकून त्या म्हणाल्या, "वानखडे, मले माहीत आहे याईचं म्हणणं. जन्मभर ऐकलं ना मी. पण मी झोपली नाही रे किती दिवस झाले. हे कुलूप मले पाहावत नाही. तू लोकांले थेंब द्याचा ना? मले दे. कुलूप का थेंब, तूच सांग."

आमच्या पथकातल्या डॉक्टरांशी मी बोललो. त्यांनी वयाचा विचार करून सौम्य औषध लिहून दिलं आणि स्पष्ट बजावलं, त्यांना सांगून द्या. पुढच्या वेळी बाटली माझ्या पिशवीत होती. सांगून द्यायची असं मी मनाशी घोकत गेलो. पण काकूंच्या गॅसवर वरणाला उकळी येत होती, बाहेर डॉक्टर चपला शोधत होते, आणि काकूंनी वाटी भरून माझ्यापुढे ठेवली. माझा हात पिशवीत गेला. बाटली हातात आली. इतक्या वर्षांनंतर, इतकं सगळं पाहूनही, हात किती सरावानं जातो हे मला त्या क्षणी कळलं. बळीरामच्या वेळी निदान मला माहीत नव्हतं, अशी पळवाट तरी होती.

मी बाटली तशीच मुठीत घेऊन बाहेर आलो. डॉक्टरांजवळ बसलो आणि मूठ उघडली.

"सर, हे शांत करणारं औषध आहे. तुमच्या वरणात टाकायला निघालो होतो. तुम्हाला न सांगता."

त्यांनी बाटली घेतली, उजेडाकडे धरली, लेबल वाचायचा प्रयत्न केला. मला वाटलं, यांना काही समजलेलं नाही. मग त्यांनी अगदी पूर्वीच्या आवाजात विचारलं,

"तक्रार कोणाची?"

"माझी," दारातून काकू म्हणाल्या. "मी थकली हो."

ते त्यांच्याकडे खूप वेळ बघत राहिले. ओळख पटत होती, जात होती, पुन्हा पटत होती. "मग हिले झोपू द्या ना," ते म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही काय करून राह्यले संध्याकाळचं?"

काही नाही, असं म्हणावं लागलं. माझं घर दारव्ह्यातच आहे, संध्याकाळी मी टीव्हीपुढे बसतो.

तेव्हापासून संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जातो. म्हणजे मोबाइलच्या दुकानापर्यंत. दुकानदार आता खुर्ची देतो. डॉक्टर थोडा वेळ बसतात, येणाऱ्या गिऱ्हाइकाला तक्रार कोणाची ते विचारतात, त्यावर लोक आपला फोन पुढे करतात. मग आम्ही परत येतो. तेवढ्यात काकू पडून घेतात. गेटला कुलूप नाही. औषध काकू त्यांच्या हातावर ठेवतात, काय आहे ते सांगतात. डॉक्टर कधी घेतात, कधी तुळशीत ओततात. ओततात त्या दिवशी आमचं चालणं लांबतं. हे फार काळ जमेल असं मी म्हणत नाही. प्रत्येक घरात रिकामा वानखडे नसतो, आणि शेवंताबाईच्या तर कुणीच नव्हतं, हे मी विसरलेलो नाही. आजही एखादी आई माझ्यापुढे उभी राहून 'कसाबी द्या' म्हणते तेव्हा मी तिला आधी त्याला विचारू या म्हणतो. तिच्या डोळ्यांत मला ती शिक्षकांची पत्नी दिसते.

बाजाराच्या दिवशी मला पथकातून यायला उशीर होतो. त्या दिवशी बळीराम येतो. शेळ्यांचा व्यवहार आटोपून तो डॉक्टरांना फिरवून आणतो, मग काकू आम्हाला तिघांना जेवायला वाढतात. बळीराम वरणाची वाटी बोटानं बाजूला सारतो. डॉक्टरांच्या ते बरोबर लक्षात येतं, दर वेळी.

"हा वरण काहून खात नाही?"

"खात नाही, सर."

"पण काहून?"

ते विसरले आहेत. बळीरामनं भाकर खावी म्हणून मी किती दिवस तांड्यावर जेवलो, पोरीची मान, केळी, अंडी, सगळं त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलंय. त्यामुळे मला ते पहिल्यापासून सांगावं लागतं, बळीराम शेजारी बसलेला असताना, दर बाजारी. ते घास थांबवून ऐकतात.

"तुम्ही याले विचारलं होतं का?"

"नाही, सर."

"अरेरे," ते म्हणतात, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. आणि बळीरामकडे वळून, "मग तू याच्याबरोबर कसा काय जेवतो बाप्पा?"

"जेवा ना डाक्टर," बळीराम म्हणतो. "भाकर निवून राह्यली."

मग डॉक्टर आपल्या वाटीकडे संशयानं बघतात. मी त्यातला एक घास आधी खातो, मग ते खातात. बळीरामनं सारलेली वाटी तशीच असते. सगळे उठायच्या आत तीही मी खातो.